मदत हवी आहे : युरोपातल्या रेल्वेची स्वस्त तिकिटं

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन म्युनिक, झुरिक, इंटरलाकन आणि मिलान असा प्रवास ठरतोय. आम्ही कोल्हापूरचे. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला कुणाला विचारावं लागत नाही, पण तिकडचं गणित वेगळंच आहे. आपल्याकडं तिकीट कधीही काढा, भाडं बहुतेक गाड्यांना ठरलेलंच. तिकडं लवकर काढाल तितकं स्वस्त. जर्मन रेल्वेचं ‘श्पारप्राइस’ तिकीट बरंच कमी पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं. स्वित्झर्लंडच्या ‘सुपरसेव्हर’चंही तसंच. बाबांचे गुडघे दुखतात, फलाट बदलताना गाडी चुकली तर काय, हीच खरी काळजी.

युरेल पासवर (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास) ६० वर्षांपुढच्यांना सवलत आहे. मात्र इटलीच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावं लागतं. मग चारच मोठ्या प्रवासांसाठी पास परवडतो का? की स्वित्झर्लंडपुरतं हाफ फेअर कार्ड, म्हणजे तिकिटं अर्ध्या भाड्यात देणारं कार्ड, घेऊन बाकीची तिकिटं सुटी काढावीत? माझा कल दुसऱ्याकडं आहे, कारण ते कार्ड बोटी आणि बऱ्याच डोंगरी गाड्यांनाही चालतं.

आणखी एक. पैसे भरताना माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, ओटीपी आलाच नाही. परदेशी व्यवहार चालू केलेले आहेत. कोल्हापुरातून कुणी स्वतः बुकिंग केलं असेल, तर कोणतं कार्ड चाललं आणि किती आधी काढलं, एवढं नक्की सांगा.