नवीन ९११ मागवतोय : दहा मिमी खाली घ्यावी की नाक उचलणारी?

आरेवारे_पहाटे
मंडळी, पन्नाशी उलटली, पोरगी नोकरीला लागली, कॅनिंगच्या कारखान्याच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला. आता एकदाच काय ते स्वतःसाठी. पोर्शे ९११ कॅरेरा एस. रंग ठरला, सीटं ठरली, सस्पेन्शनवर घोडं अडलंय.

गाडीसोबत येतं ते पीएएसएम : शॉकॲब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक, रस्ता बघून आपोआप कडक-मऊ होतात. वर जादा पैसे मोजले की स्पोर्ट सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा आखूड आणि कडक, गाडी १० मिमी खाली. आणि वेगळा पर्याय पुढच्या लिफ्टचा. बटण दाबलं की पाचेक सेकंदांत नाक ४० मिमी वर, ताशी ३५ पर्यंतच चालतो. गाडी आख्खी आयात, त्यामुळे ड्युटी या पर्यायांवरही बसते. दोन्ही घ्यायचं म्हटलं तर बायकोला हिशोब दाखवावा लागेल, म्हणून एकच.

माझं मत : स्पोर्ट घ्यावं, लिफ्ट नको. १० मिमी म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्यात काय जातंय? राहतो रत्नागिरीत, गाडी फिरणार रविवारी पहाटे : हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट चढून परत. जून ते सप्टेंबर ती शेडमध्येच. पटत नसेल तर बोला.

देवबागचो_नारळ
तुका गाडी होयी की होडी? पावसात आमच्या रस्त्यार होडीच बरी.

चिपळूण_गॅरेज
साहेब, तुम्ही गाड्या वरून बघता, मी खालून बघतो. म्हणून थोडं लांबण लावतो.

नखाएवढं म्हणालात ते उभ्या गाडीला खरं. चालत्या गाडीला उंचीइतकाच चाकाचा वाव महत्त्वाचा. खड्डा आला की चाक आधी खाली पडतं, मग वर आदळतं. स्प्रिंग आखूड केली की वर यायची जागा तेवढी कमी, आणि ती संपली की रबरी स्टॉपरवर धाड. ती धाड तुमच्या मणक्याला कळते, त्याआधी रिमला कळते. तुमच्या गाडीला पुढे २४५/३५ चे टायर, म्हणजे रुंदी २४५ मिमी आणि उंची तिच्या ३५ टक्के, २० इंची रिम. हिशोब करा, रिम आणि डांबर यांच्यामध्ये साडेआठ सेंटिमीटर रबर. मागे ३०५/३०, तिथेही नऊच्या आसपास. आणि स्टेपनी नाही बरं का! फेस भरायची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर देतात. रिम वाकलं तर त्या फेसाने दाढी करायची.

रस्ता चांगला असतो हो. पण चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, ट्रक रात्रभर चालतात आणि वळणावर, ब्रेक मारायच्या नेमक्या जागी, डांबराच्या लाटा करून ठेवतात. काल मुंबई-गोवा हायवेचं एक वळण गुळगुळीत होतं, आज तिथे डायव्हर्जन आणि खडी. २०११ पासून काम चालू आहे, तुम्हाला मी काय सांगायचं.

साधं पीएएसएम ठेवा, वर लिफ्ट घ्या. खाली करणं नंतर कधीही जमतं, बाहेरच्या स्प्रिंगा मिळतात. कंपनीचा लिफ्ट नंतर बसवायला गेलात तर गाडीचं पुढचं अर्धं अंग उघडावं लागेल.

सरळ_रेघ
गॅरेजवाल्या भाऊंचा आदर ठेवून पूर्ण असहमत.

मी पुण्याहून गुहागरला दर महिन्याला कुंभार्ली घाटाने उतरतो, अकरा वर्षं जुनी, याहून बुटकी गाडी घेऊन. लिफ्ट नाही. बंपरच्या खालच्या काळ्या ओठावर ओरखडे आहेत, ते त्या ओठाचं कामच आहे. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी, म्हणजे आखूड. पोट टेकायची भीती जवळजवळ नाहीच, प्रश्न फक्त नाकाचा. गतिरोधक तिरका घाला, एकेक चाक चढवा, झालं.

लिफ्टने उचलतं काय, तर फक्त नाक, तेही ३५ च्या आत, तेही तुम्हाला अडथळा आधी दिसला तर. आपल्याकडचा गतिरोधक आधी दिसतो का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, ताशी २५ ने अलगद पार होणारा. आमच्या वाटेवर फूटभर रुंद वरवंटे पडलेत, ना पट्टे ना पाटी. बटणापर्यंत बोट जाईपर्यंत गाडी पलीकडे. वर पुढच्या चाकांपाशी हायड्रॉलिकचं वजन, आणि खारा वारा. समुद्रावर सायकलची चेन टिकत नाही, त्यात ही नळकांडी.

स्पोर्ट्स कार मागवून तिला नऊवारी नेसवू नका. स्पोर्ट घ्या. आणि पैसे उरलेच तर मागची चाकं वळवणारं स्टिअरिंग घ्या. हळू वेगात मागची चाकं उलट्या दिशेने वळतात, घाटातल्या आकड्याच्या वळणावर गाडी जागच्या जागी फिरल्यासारखी वाटते.

चिपळूण_गॅरेज
भाऊ, वरवंट्याचं बरोबर. पण ज्या जागा रोजच्या आहेत त्या गाडी लक्षात ठेवते. एकदा जागा साठवली की पुढच्या वेळी जीपीएसवर नाक आपोआप वर जातं. आणि इलेक्ट्रॉनिक म्हणून घाबरायचं असेल तर पीएएसएमही २००४ पासून ९११ मध्ये आहे. तुमची गाडी अकरा वर्षांची, तिच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे रबरी बुश शेवटचे कधी बदलले तेवढं सांगा.

सरळ_रेघ
दोनदा बदलले. शौकाला मोल नसतं.

धोपावे_जेटी
मला गाड्यांमधलं काही कळत नाही, गणित शिकवते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोज जाते-येते, म्हणून लिहिते.

गेल्या मेमध्ये अशीच एक बुटकी लाल गाडी धोपाव्याला चढत होती. भर ओहोटी. भरतीला बोटीची गाड्या चढायची झडप जवळजवळ आडवी असते, ओहोटीला बोट खाली जाते आणि जेटीचा उतार व झडप यांची घडी पडते, अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखी. गाडीचं नाक त्या घडीत गेलं आणि ‘खर्रर्र’ असा आवाज आला की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. मग बोटीवरच्या पोरांनी दोन फळ्या आणल्या, चाकांखाली सरकवल्या, एकजण पुढे उलटा चालत हातवारे करत होता. मालक खिडकीतून डोकं काढून नुसताच “हळू, हळू” म्हणत होता, जसं काही गाडी ती पोरंच चालवत होती. मागे एसटीतली माणसं खाली उतरून बघायला आली.

आता हिशोब. पुढच्या चाकापासून नाकाचं टोक साधारण मीटरभर धरलं तर १० मिमी खाली जाणं म्हणजे चढाचा कोन जेमतेम अर्ध्या अंशाने कमी होणं. ४० मिमी वर जाणं म्हणजे सव्वादोन अंशांनी वाढणं. घडी त्याहून मोठी असेल तर दोन्ही फुकट आणि फळ्याच खऱ्या. त्यामुळे तुमची जागा कुठली आणि तिचा कोन किती, हे आधी मोजा. भांडण नंतर.

सरळ_रेघ
बाई, अर्ध्या अंशाने काय होतं, हेच तर मी म्हणतोय.

धोपावे_जेटी
काठावर पास आणि काठावर नापास यांच्यात अर्धाच मार्क असतो.

आरेवारे_पहाटे
बाईंचं ऐकलं. शनिवार त्यात घालवला, आता अहवाल.

शोरूममधल्या गाडीखाली टेप धरून (सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता) नाकाची उंची आणि चाकापासूनचं अंतर घेतलं. कारखान्यातल्या सुताराकडून प्लायची फळी कापून घेतली, दोन टोकांना जुन्या हातगाडीची चाकं मापाने बसवली. नाकाला तीन खाचा : साधी, दहा खाली, चाळीस वर. खाच बदलायची आणि फळी ढकलत न्यायची. रस्त्यावरच्या पोरांनी तिला “काकांची पोर्शे” नाव दिलंय.

कारखान्याच्या वजनकाट्याचा चढ : तिन्ही पास. शाळेपुढचा वरवंटा : सरळ घातला तर साधी आणि दहा-खाली दोन्ही घासतात, तिरका घातला तर दोन्ही सुटतात. इथे सरळ_रेघचा गुण. मग घरी आलो. आमचं घर रस्त्यापासून वर, मध्ये चिऱ्यांची घाटी, म्हणजे चढाव, आणि बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, ती एकदम मोडते. साध्या खाचेवर नाकाखालून वर्तमानपत्राची घडी सरकली, म्हणजे सुटली म्हणायचं. दहा-खाली लावली आणि फळी चिऱ्यावर टेकून उभीच राहिली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा प्लायचा कोपरा उडाला.

माझं नखाएवढं नेमकं तिथेच निघालं, जिथे मी दिवसातून दोनदा जाणार.

आई ओटीवर बसून अर्धा तास बघत होती. शेवटी म्हणाली, “त्या फळीला एवढा जपतोस, त्यापेक्षा चार चिरे काढून घाटी सारखी कर ना. गवंडी दिवसभराचे किती घेईल?”

सरळ_रेघ
आईंना माझा साष्टांग नमस्कार. विषय संपला. चिरे काढा, स्पोर्ट घ्या. जर्मनीला पाठवायच्या पैशांत गवंडी आख्खा डोंगर सपाट करून देईल.

चिपळूण_गॅरेज
घाटी सारखी कराल. आंबा घाट कोण सारखा करणार? माझी अर्धी तक्रार चाकाच्या वावाची होती, तिला कोणी हात लावला नाही. मुलगी बाजूला बसेल, तिला आधी साध्या पीएएसएमवर नॉर्मल मोडमध्ये फिरवून आणा, मग स्पोर्टचं बोला. आणि एक, लिफ्टने राइड मऊ होत नाही, तसं कुठे मी म्हटलं असं वाटत असेल तर नाही म्हटलं.

आरेवारे_पहाटे
वावाचं पटलं. शोरूमच्या गाडीत पाली-साखरपा फिरलो, ती साधीच होती. लाटांवर स्टिअरिंग हातात शांत राहिलं, चाकं रस्त्याला धरून होती. याहून कडक मला नकोय, हे पंधराव्या किलोमीटरला कळलं. स्पोर्ट रद्द.

राहिला प्रश्न घाटीचा. फळीने साधी खाच सोडली ती रिकामी. दोघं माणसं बसली आणि आंब्याच्या दोन पेट्या पुढच्या डिकीत टाकल्या की वर्तमानपत्राची घडी उरत नाही. म्हणून आईचा उपाय करायला गेलो. घाटी सामाईक आहे. चिरा हलवायचा तर चुलतभावाची संमती हवी, आणि तो १९९८ पासून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, एका हातावरून आमच्याशी बोलत नाही.

सोमवारी लिफ्टवर सही केली. जर्मनीहून आणणं सोपं पडलं.

सरळ_रेघ
आंबा घाटात मागे राहाल, सांगून ठेवतो.

देवबागचो_नारळ
पयल्या फेरीक चुलतभावाक बाजूक बसव. चिरे तोच काढून देतलो.