परमिट रूमच्या पाटीवर ‘स्थापना १९४८’ लिहावं का?

तापीकाठ
भुसावळमधल्या एका परमिट रूमचा इतिहास लिहून द्यायचा आहे. तिसरी पिढी चालवते आहे. आतल्या भिंतीवर दीडदोनशे शब्दांची फ्रेम आणि बाहेरच्या नव्या पाटीवर ‘स्थापना १९४८’, अशी मालकांची मागणी. हाताशी आहे ते एवढंच:

एफएल-३ च्या, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याच्या, नूतनीकरणाच्या दोन प्रती, दोन्ही १९८० नंतरच्या. पत्र्याची एक दरपत्रकाची पाटी, भाव ‘न. पै.’ मध्ये. बिलबुकाचं एक पान, वर ‘जि. पूर्व खानदेश’ छापलेलं. आणि आजोबांच्या नावची खाद्यगृह परवान्याची जीर्ण प्रत, तिच्यावरचं साल वाचता येत नाही.

१९४८ हे साल फक्त घरातल्या बोलण्यातलं. ते पक्कं कसं करायचं, कुठल्या कार्यालयात काय मागायचं?

जुनं_दप्तर
१९४८ खोटंच असेल असं नाही, पण ‘परमिट रूम, १९४८ पासून’ हे जमणार नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम १६ जून १९४९ ला लागू झाला. बंदी टप्प्याटप्प्याने येत होतीच, ६ एप्रिल १९५० पासून ती सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण झाली आणि पूर्व खानदेश त्यातच होता. त्याआधीचा कारभार १८७८ च्या अबकारी कायद्याचा. त्या काळचं दारूचं दुकान म्हणजे पिठा किंवा गुत्ता. ‘परमिट रूम’ हा शब्दच बंदीनंतरचा आहे: ज्याच्याकडे पिण्याचा परवाना, त्यालाच जिथे बसून पिता येतं ती खोली. १९४८ मध्ये परमिटच नव्हतं, तर रूम कुठून येणार?

म्हणजे या घराण्याच्या धंद्यात मधे एक खड्डा असणार. त्या वर्षांत तिथे काय विकलं जात होतं, हाच खरा इतिहास. बहुतेक खानावळ किंवा चहा-सोडा. तुमच्याकडचे कागदही तिकडेच बोट दाखवतात.

‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळला. पाटी या सात वर्षांत रंगवलेली आहे, नंतर बरीच वर्षं तशीच टांगलेली असेल ते वेगळं. आता भावांपेक्षा जिन्नस वाचा. चहा, ऑम्लेट, सोडा, बर्फ एवढंच असेल तर त्या काळात ते हॉटेल होतं. बिअरचं नाव दिसलं तर गोष्ट बदलते, कारण विदेशी मद्य नियम १९५३ चे आहेत आणि परवानाधारकांना विकण्याची सोय बंदीतही कागदावर होती.

‘पूर्व खानदेश’वर फार भिस्त ठेवू नका. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये पूर्वेचा जळगाव झाला, म्हणजे चोपन्न वर्षांचा पट्टा. त्यात छापील बिलबुकं संपेपर्यंत वापरायची आपली खोड. पानावर पिनकोड असेल तर मात्र ते १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेलं.

खाद्यगृहाच्या प्रतीवर सालाआधी कायद्याचं नाव शोधा. ‘मुंबई पोलीस अधिनियम, १९५१’ असेल तर ती १९५१ नंतरची. १८९० चा डिस्ट्रिक्ट पोलीस अ‍ॅक्ट असेल तर त्याआधीची, आणि मग १९४८ ला बळ मिळतं. वाचायची रीत: खोली अंधारी करा, कागद सपाट ठेवा, टॉर्च कागदाच्या कडेशी जवळजवळ आडवा धरा आणि वरून फोटो काढा. निबेने दाबलेल्या रेघा सावलीत उठून दिसतात. मग फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा. शाई उडाली तरी गोल शिक्क्यातली तारीख पुष्कळदा शाबूत असते, ती आधी बघा. ओलं फडकं लावू नका, जांभळी शाई पसरते. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. तापलेला प्लास्टिकचा थर एकदा चिकटला की कागद कायमचा गेला.

मिळकत_पत्रिका
कार्यालयांचं सांगतो. सुरुवात जळगावच्या अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांच्याकडून. माहिती अधिकाराने जाऊ नका, परवानाधारकाच्या सहीचा साधा नक्कल अर्ज द्या. त्रयस्थाने मागितलं की परवानाधारकाचं म्हणणं मागवणारी कलम ११ ची नोटीस निघते आणि महिना जातो. अर्जात ‘संपूर्ण माहिती मिळावी’ लिहिलंत तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. नेमकं मागा: परवाना क्रमांक अमुक, प्रथम मंजुरीचा आदेश, वारसनोंदीचा आदेश, स्थलांतराचा आदेश असल्यास तो. जुन्या फायलींवर खात्याचं नाव ‘दारूबंदी व उत्पादन शुल्क’ असतं, तेही अर्जात लिहा. नाहीच मिळालं तर माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, पानाला दोन रुपये.

दुसरी जागा नगरपालिका. कर आकारणी नोंदवहीत मालक, भोगवटादार आणि वापर अशा नोंदी सापडतात. आकारणी चार वर्षांनी फेरतात, म्हणून दर चार वर्षांचं एकेक पान बघितलं तरी पुरतं. ‘दुकान’चं ‘हॉटेल’ कुठल्या फेरीत झालं ते तिथे कळेल.

तिसरी जागा नगर भूमापन. मिळकत पत्रिकेवर जागा केव्हा कोणाच्या नावावर आली ते मिळेल, पण तिथे काय चालत होतं ते नाही. भाड्याची जागा असेल तर आजोबांचं नाव सापडणारच नाही, त्यावरून ‘तेव्हा नव्हतेच’ असा निष्कर्ष काढू नका.

घरात चलनं असतील तर ती फेकायच्या आत बघा. शुल्क कोषागारात भरलेलं असतं. जमा शीर्ष, म्हणजे रक्कम कुठल्या सदरात जमा झाली तो आकडा, ‘०३९’ असेल तर चलन १९७४ ते १९८७ मधलं, ‘००३९’ असेल तर त्यानंतरचं. तारीख फाटली असली तरी एवढ्यावर काम भागतं.

पाटोदी
वरचं सगळं बरोबर, पण एक गल्लत नेहमी होते भो. जागा, परवाना आणि घराणं यांची वयं वेगवेगळी असतात. परवाना एका जागेवरून दुसरीकडे हलतो, एका नावावरून दुसऱ्यावर जातो, क्रमांक मात्र तोच राहतो. देशीचं सीएल-३ आणि वाइन शॉपचं एफएल-२ यांचे नवे परवाने १९७३-७४ नंतर दिलेच जात नाहीत, म्हणून ते विकत घेतलेले असणं अगदी साधी गोष्ट. त्या परवान्याचं मूळ साल आपल्या घराण्याला चिकटवलं की इतिहास दुसऱ्याचाच होतो. एफएल-३ चं तसं नाही, ते नवीन मिळत आलेलं आहे. पण त्यातही भागीदार आत-बाहेर झालेले असतात, तेव्हा भागीदारीपत्रं मागून घ्या.

दुसरं म्हणजे अलीकडचे खड्डेही लिहा. जागा जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ पासून ५०० मीटरच्या आत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून शटर खाली आलं असणार. नगरपालिका हद्दीला तो आदेश अडवत नाही हा खुलासा जुलै २०१७ मध्ये आला. मग २०२०: मार्चमध्ये बंद, ५ ऑक्टोबरला अर्ध्या खुर्च्यांवर सुरू. चलनं आणि साठा वह्या यांवरून दिवससुद्धा मोजता येतील.

आणि वह्या जुन्या असतील तर लिपी बघा. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचे हिशेब मोडीत असतात, गुजरातीतही असतात. मोडी वाचणाऱ्याला अख्खी वही देऊ नका, दर वर्षाचं पहिलं पान द्या. पेढीचं नाव आणि मिती तिथेच असते.

तापीकाठ
आडव्या टॉर्चने काम झालं. कायद्याचं नाव १९५१ चं आहे, शिक्क्यातलं साल ५३ दिसतंय. पत्र्याच्या पाटीवर चहा, लेमन, सोडा, अंडा आम्लेट आणि ‘शेवभाजी हाफ’. बिअर नाही. मग फ्रेममध्ये काय लिहू? आणि हे वर्तमानपत्रात द्यायचंही मालकांच्या मनात आहे.

जुनं_दप्तर
वर्तमानपत्राचं आधी. दारूबंदी अधिनियमाचं कलम २४ मद्याच्या जाहिरातीला मनाई करतं. खानावळीचा इतिहास म्हणून लेख आला तर एक वेळ चालेल, पैसे देऊन छापलेल्या मजकुरात ब्रँड, बाटली, ग्लास काहीही येऊ देऊ नका. फ्रेम आतच राहू द्या.

हाताशी आहे त्यावर एवढं लिहिता येतं: ‘१९५३ मध्ये या कुटुंबाकडे खाद्यगृहाचा परवाना होता. राज्यात दारूबंदी असताना इथे चहा, सोडा आणि शेवभाजी मिळे. परमिट रूमचा परवाना … साली मिळाला.’ मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत टिंबं तशीच ठेवा, अंदाजाने भरू नका. १९४८ ठेवायचंच असेल तर ‘कुटुंबात सांगतात की’ हे शब्द त्याच ओळीत घ्या, खाली बारीक अक्षरात नकोत.

बाहेरच्या पाटीवर ‘स्थापना’ नको. ‘खाद्यगृह, सन १९५३’ लिहा. ‘पासून’ही नको. आणि रंगारी शेवभाजीवाली पाटी नव्याने रंगवून देतो म्हणेल, त्याला हात लावू देऊ नका. मागून प्लाय ठोका, गंजलेल्या कडांवर मेणाचा पातळ हात द्या आणि फ्रेमशेजारी टांगा.