पिशवी नको, एक पान न्या

पेशंटने घरून आणलेल्या नोंदी डॉक्टर बघतच नाहीत असं म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. वडिलांना डायबेटिस, आम्ही सांगलीत, दवाखाना मिरजेत (मिरजेत दवाखान्यांना काय तोटा!), पहिल्यांदा मी भली मोठी पिशवीच घेऊन गेलो, एक्सरे, सोनोग्राफी, मेडिकलची बिलं सगळं एकात कोंबलेलं, डॉक्टरांनी एकदा पिशवीकडे बघितलं एकदा माझ्याकडे आणि म्हणाले रक्त नव्याने तपासू. लई राग आलेला तेव्हा. पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले, तो माणूस तरी काय काय उलगडणार?

पुढच्या खेपेला वहीचं एकच पान नेलं, तारीख, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की काळजी), आणि चालू गोळ्या, गुडघ्यासाठी परस्पर मेडिकलमधून आणायचे त्यासकट. क्रिएटिनिन १.१ चं १.६ झालेलं, त्याला त्यांनी पेनने गोल केला, खालची पेनकिलर वाचली (असल्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात) आणि वडिलांना असं झापलं की विचारू नका. ती गोळी तिथंच बंद.

आभाचा (सरकारच्या डिजिटल हेल्थ खात्याचा) १४ अंकी नंबर पण काढलाय, पण तो केसपेपरच्या खिडकीवर स्कॅन होतो, डॉक्टरांच्या टेबलापर्यंत अजून काय पोचला नाही.

आणि ॲडमिट होता तेव्हाचे कागद मागायला लाजू नका, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असं आहे. आम्हाला एका ठिकाणी नुसत्या डिस्चार्ज कार्डावर कटवत होते, लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात.