तयारी अर्धवट, शर्यत तोंडावर : तुम्ही वेग कसा ठरवलात? (अनुभव धागा)

पुळणवाट (रत्नागिरी)
मंडळी, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन (४२.१९५ किमी) आहे आणि हातात दिवस उरलेत एकवीस. सोळा आठवड्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता. ६४ धावांपैकी ३७ वरच खुणा आहेत. ऑक्टोबरात भातकापणीला गावी, नोव्हेंबरात ताप, मग ऑफिस. सगळ्यात लांबची धाव २४ किलोमीटर, भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याने जाऊन परत. डिसेंबरात हाफ (अर्धी मॅरेथॉन) पळालो, २ तास १६ मिनिटं. तक्त्यावर मात्र ठळक अक्षरात लिहिलंय : साडेचार तास.

'मनात आणलं की सगळं जमतं' छापाची उत्तरं नकोत. अर्धवट तयारीवर जे उभे राहिले, त्यांनी काय ठरवलं आणि कुठे फसले ते लिहा.

मोहोर (देवगड)
फसलेल्यांत पहिला नंबर माझा. आमच्याकडे थंडी पडली की कलमांना मोहोर, आणि मोहोर आला की फवारणी. पहाटेची वेळ धावायची तीच बागेची, त्यामुळे लांब धावा नेमक्या तेव्हाच बुडाल्या. तरी साडेचार तासांचा झेंडा घेऊन ठरल्या वेगाने पळणाऱ्याच्या घोळक्यात घुसलो, किलोमीटरला ६:२४ (६ मिनिटं २४ सेकंद). पहिले दहा किलोमीटर इतके हलके गेले की मला वाटलं, तयारी उगाच कमी समजत होतो. (ते सगळ्यांनाच हलके जातात. पहाटेचा गारवा, बँडबाजा, आठवडाभराची विश्रांती.) अर्धं अंतर २:१४ मध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा एक मिनिट आधीच! २९ व्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या. पेडर रोडचा चढ कठड्याला हात लावत चढलो. एकूण ५:३८. दुसऱ्या अर्ध्याला ३ तास २४ मिनिटं लागली. ते एक मिनिट सत्तर मिनिटांना पडलं.

आकडेमोड (चिपळूण)
पुळणवाट, तुमच्याच आकड्यांवर गणित करू. रीगल नावाच्या धावपटू अभियंत्याचं जुनं सूत्र आहे : अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट नाही, साधारण २.०८५ पट धरायची. तुमच्या २:१६ वरून फुलचे होतात सुमारे ४:४४, आणि तेही लांब धावा नीट झालेल्या माणसाचे. म्हणजे साडेचार तुमच्या पूर्ण तयारीतसुद्धा नव्हते, तक्ता बनवतानाच कागदावर उतरले होते. ज्याची लांब धाव २४ वर थांबलीय त्याने त्यात वीस-पंचवीस मिनिटं घालावीत, असा माझा तीन शर्यतींचा हिशेब.

मी असं मांडेन : पहिले १० किमी ७:३० ने, पुढचे २० किमी ७:१० ने, उरलेले १२.१९५ जमल्यास ७:१५ ने. बेरीज ५ तास ७ मिनिटं. सुरुवातीला म्हाताऱ्या माणसासारखं धावतोय असं वाटलं तर वेग बरोबर आहे. आणखी एक, जीपीएस घड्याळावर विसंबू नका. वळणं घेत, लोकांना चुकवत आपण प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर जास्तच धावतो, म्हणून घड्याळातला वेग खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. रस्त्यावरच्या पाट्यांवर वेळ ताडून बघा.

सुकतीभरती (गुहागर)
मी धाव-चाल पद्धतीने केली. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, आणि ती पहिल्या किलोमीटरपासून. इथेच सगळे चुकतात. दमल्यावर चालणं म्हणजे हार. दमायच्या आधी चालणं हा बेत. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. मला वाटली तरीही. पहिल्याच चालीत मागून एक मुलगा म्हणाला, "काकू, आत्ताच?" तो मला ३४ व्या किलोमीटरला भेटला, दुभाजकावर बसलेला. मी काही बोलले नाही, खजूर दिला.
५:३१. घरी सासूबाई : "एवढे पैसे भरून चालायला गेली होतीस?"

उंडल (हर्णै)
माझी चूक वेगळी, म्हणून लिहितो. राहिलेली ३२ ची धाव मी शर्यतीच्या नऊ दिवस आधी भरून काढली. तीही सुकतीला (ओहोटीला) पुळणीवर, वाळू कडक असते म्हणून. कडक असते, पण समुद्राकडे उतरती असते. एक पाय सतत खाली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जी कळ सुरू झाली ती शर्यतीत सातव्या किलोमीटरला भेटायला हजर. शेवटच्या तीन आठवड्यांत तयारी वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. बुडालेलं बुडालं.

पेजपाणी (मालवण)
खाण्याचं कोणीच बोलेना. शरीरातला साखरेचा साठा साधारण तीसेक किलोमीटरला तळ गाठतो. कमी तयारीत आणि जास्त वेगात त्याआधीच. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं, तेही भूक लागायच्या आधी. मला दुकानातलं धावपटूंचं साखरेचं जेल ओकारी आणतं. मी आंबापोळीचे तुकडे कापून कमरेच्या पिशवीत ठेवतो, दर पाऊण तासाला दोन. पहाटे तीनला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. नाचणी त्या दिवशी नको, नंतर शौचालयाची रांग मोजावी लागते. हे सगळं आधी लांब धावेत करून बघा. मी एकदा आदल्या रात्री पाहुण्यांच्या आग्रहाने तिखला आणि सोलकढी चापली होती. पुढचं लिहीत नाही.
नुसतं पाणीही ढोसू नका. तासन् तास घाम आणि वर साधं पाणी, यात रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. तहान लागेल तेवढंच, मधूनमधून मिठाचं.
(सरावाला पहाटे चारला बाहेर पडलो की शेजारची आजी : "एवढ्या काळोखात खंय चललंस? कोणाक बरा नाय काय?")

मळभ (अलिबाग)
तापातून उठून आठ दिवस झाले होते, जिना चढताना छाती धडधडायची. गेलोच नाही. बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) कपाटात आहे.

सडेकर (राजापूर)
दमट हवेची आपल्याला सवय आहे, पण उन्हाची नाही, कारण आपण सगळे काळोखात धावतो. मुंबईची फुल पहाटे पाचला सुटते. आकडेमोड यांच्या हिशेबाने तुम्ही तीसाव्या किलोमीटरला ८:३८ ला असाल, म्हणजे अवघड बारा किलोमीटर नेमके उन्हात. पुढच्या दोन रविवारी छोटी धाव मुद्दाम आठ वाजता सुरू करा. टोपी घ्या, पाणी डोक्यावर ओता.

पुळणवाट (रत्नागिरी)
सगळ्यांचे आभार, मोहोरचे विशेष. ठरलं. येत्या रविवारी १८ किमी, चारास एक धाव-चाल, पेज आणि आंबापोळीसकट. त्यानंतरच्या रविवारी १० किमी, आठ वाजता. शर्यतीत पहिले दहा किलोमीटर ७:३० पेक्षा जोरात पळणार नाही, तीस किलोमीटरपर्यंत साडेचार तासांचा झेंडा दिसला तरी त्याच्याकडे बघणार नाही. पाच तास सात मिनिटं झाली तर उत्तम, साडेपाच तास झाले तरी चालतील. गुडघा बोलला तर पेडर रोडच्या आधी थांबायचं, हे बायकोला लिहून दिलंय.
तक्ता फ्रिजवरून काढला. घरातली आंबापोळी मात्र दिवाळीतच संपलीय. मालवण-देवगडकडून मुंबईला कोणी येणार असेल तर कळवा.