वेकबोर्डिंग: पहिला बॅकरोल शिकायला कोणते व्हिडिओ बघावेत?

निळीशाई (सिंगापूर)

मंडळी, सल्ला हवा आहे. मी इथे ईस्ट कोस्ट पार्कमधल्या केबलवर वेकबोर्डिंग करते, म्हणजे पायाला बोर्ड बांधून पाण्यावरून घसरायचं, आणि बोटीऐवजी खांबांवरच्या तारेला जोडलेला दोर ओढतो. दोन्ही एज (बोर्डाच्या कडेवर झुकून जाणं), सरफेस १८० (पाण्यावरच अर्धी गिरकी) आणि सपाट पाण्यावरून ऑली (छोटी उडी) एवढं नीट जमतं. स्विचही (दुसरा पाय पुढे ठेवून) बऱ्यापैकी येतं. आता पहिला इन्व्हर्ट (हवेत उलटं होण्याची ट्रिक) शिकायचा आहे, आणि इथले सगळे म्हणतात की हीलसाइड बॅकरोलपासून, म्हणजे टाचेकडच्या कडेवरून उडून घ्यायच्या कोलांटीपासून, सुरुवात कर.

यूट्यूबवर शोधलं की ढीगभर व्हिडिओ येतात आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो, वेकच्या (बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या) माथ्यावर गुडघे सरळ करून ताठ उभी राहा. पण माझ्या केबलवर वेकच नसते! दुसरा म्हणतो, उडायच्या आधी डोकं वळव. तिसरा म्हणतो, डोकं शेवटपर्यंत वळवू नकोस. पैसे भरून घ्यायचे कोर्सही दिसतात. व्हिडिओ निवडताना नेमकं काय बघायचं? कुणाचं नाव सुचवता येत असेल तर तेही सांगा. मी उजवा पाय पुढे ठेवते, म्हणजे गूफी.

अवखळ (ड्युसेलडॉर्फ)

'माझ्या केबलवर वेकच नसते' असं लिहिलंत ना, निवड तिथूनच सुरू करा. बोटीमागचे व्हिडिओ आणि केबलवरचे व्हिडिओ हे दोन वेगळे ढीग आहेत. ट्रिकचं नाव एकच असलं तरी उडी कुठून मिळते ते वेगळं असतं.

बोटीवर दोर टॉवरला बांधलेला असतो, पाण्यापासून दोनेक मीटर उंचीवर, आणि वर उडवायचं काम वेक करते. म्हणून तिथे 'माथ्यावर ताठ उभं राहा' हा सल्ला अगदी बरोबर आहे. पाय मऊ पडले तर वेकची उसळी गुडघ्यातच जिरते. केबलवर दोर डोक्याच्या कितीतरी वरून ओढतो. वेक नाही, तेव्हा उडी मिळते ती दोरात साठवलेल्या ताणातून. केबलच्या रेषेपासून दूर एज मारत जायचं, ताण वाढत न्यायचा आणि तो टिकवून ठेवून त्याच एजवरून वर उसळायचं. एज आधीच सुटली तर दोर ढिला पडतो आणि वर जायला काही उरत नाही. बोटीचा टँट्रमचा व्हिडिओ बघून केबलवर गेलेल्यांचं हेच होतं. वेकच्या माथ्यावर बोर्ड अडखळवून मागे उलटायची ती ट्रिक, आणि इथे अडखळायला माथाच नसतो.

रेलीचं (दोराला धरून पाय मागे वर उडवत हवेत आडवं होण्याची ट्रिक) उलटं. दोर वरून ओढत असल्याने ती केबलवर तुलनेने लवकर येते, पण बोटीच्या व्हिडिओत तीच फार पुढची म्हणून दाखवतात. म्हणजे कोणती ट्रिक आधी नि कोणती नंतर, हा क्रमसुद्धा व्हिडिओ कुठला आहे त्यावर बदलतो.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मोठ्या केबलची फिरण्याची दिशा ठरलेली असते. त्यामुळे डावा पाय पुढे असलेल्याचा आणि उजवा पाय पुढे असलेल्याचा हीलसाइड कट (एज धरून तिरपं जाणं) वेगवेगळ्या बाजूंना येतो. एकाला तो केबलपासून बाहेर नेतो, दुसऱ्याला आत. व्हिडिओतला शिक्षक कुठला पाय पुढे ठेवतो आणि त्याची केबल कुठल्या दिशेने फिरते, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात बघून घ्या. तुमच्या पार्कशी जुळत नसेल तर तो कितीही नावाजलेला असो, बाजूला ठेवा. दोन खांबांच्या छोट्या केबलवर ही अडचण कमी, कारण तिथे दोर जातो तसाच परत येतो आणि ऑपरेटर वेगही कमी-जास्त करून देतो. पाच-सहा खांबांच्या मोठ्या केबलवर सगळ्यांना एकच वेग, साधारण ताशी ३० किलोमीटर.

मी इथल्या लांगनफेल्डच्या केबलवर जातो. केबलचा शोध ब्रूनो रिक्सेन या जर्मन अभियंत्याचा, त्यामुळे इकडे केबल पार्क भरपूर आहेत आणि जर्मन भाषेत केबलचेच व्हिडिओही चांगले मिळतात. भाषा कळली नाही तरी बघा. चित्र स्वच्छ असेल तर एवढ्या छोट्या हालचालीला शब्दांची फार गरज पडत नाही.

ओरलँडोकर

अवखळ यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी बोटीच्या बाजूने लिहितो, म्हणजे धागा दोघांनाही उपयोगी पडेल.

माझी कसोटी एकच आहे: व्हिडिओ किती वेळ पाण्यावर घालवतो आणि किती वेळ हवेत? इन्व्हर्ट दिसतो हवेत, पण ठरतो त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत. शिक्षक कट कुठून सुरू करतो, एज हळूहळू घट्ट करत नेतो की एकदम दाबतो, हँडल कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हे जो सविस्तर दाखवतो त्याचा व्हिडिओ ठेवा. बोटीवर नवशिक्याचा बॅकरोल फसतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. सुरुवातीला जोरात एज मारायची आणि वेकपाशी आल्यावर भीतीने बोर्ड सपाट करायचा. व्हायला हवं बरोबर उलटं: संथ सुरुवात आणि वेकपाशी सगळ्यात घट्ट एज. यावर पाच मिनिटं बोलणारा शिक्षक सोन्यासारखा. जो 'मग असं फिरायचं' म्हणून थेट संगीत लावतो, तो पुढे ढकला.

नावं विचारलीत. शॉन मरे यांचं शिकवणं मला सगळ्यात जास्त आवडतं. एकाहून अधिक वेळा जगज्जेते झालेला हा माणूस अगदी पहिल्या दिवसाच्या माणसालाही तितक्याच जिव्हाळ्याने समजावतो. घाई करत नाही, एका ट्रिकसाठी एकच गोष्ट डोक्यात ठेवायला सांगतो. आयर्लंडचा डेव्हिड ओ'कीव यूट्यूबवर फुकट शिकवतो. तो चुका कुठे होतात ते नीट फोड करून सांगतो. या दोघांपासून सुरुवात करा.

सईची_आई (डॅलस)

धागा वाचून राहवलं नाही. आमचा धाकटा १४ वर्षांचा आहे. उन्हाळ्यात मित्रांच्या बोटीवर लुईसव्हिल लेकला जातो. तो शिकवण्याचे व्हिडिओ बघतच नाही, स्पर्धांमधले आणि मोठ्या खेळाडूंचे तुकडे बघतो आणि तसंच करायला जातो. ओरलँडोकर दादा, याला काय दाखवू?

ओरलँडोकर

सईची आई, ते तुकडे बंद करू नका, त्यानेच तर मुलाला खेळाची ओढ लागते. फक्त त्यातून शिकता येत नाही, हे त्याला एका गोष्टीतून दाखवून द्या. त्या खेळाडूंचा दोर ७५ फुटांच्या आसपास असतो, बोटीत पाणी भरून वेक मोठी केलेली असते आणि वेग ताशी २२-२४ मैल असतो. मुलाचा दोर ५५-६५ फूट, वेग १८-२० मैल. लांब दोरावर दोन वेकमधलं अंतर वाढतं, म्हणून तिथला कटही लांबून सुरू होतो. तो कट जसाच्या तसा उचलला तर आखूड दोरावर काहीच जुळणार नाही.

त्याला आधी वेकवरून वेकवर उडी शिकवणारे व्हिडिओ दाखवा. हीलसाइडने आणि टोसाइडने (पायाच्या बोटांकडच्या कडेवरून), दोन्हीकडून. दोन्ही बाजू सारख्या जमेपर्यंत इन्व्हर्ट नको.

आणि ही गोष्ट कळकळीने सांगतो: बोट चालवणाऱ्यानेही तेच व्हिडिओ बघावेत. चालवणारा वेग ढळू देत असेल, किंवा मुलगा कट मारताना बोट वळवत असेल, तर जगातला उत्तम व्हिडिओ बघूनही उपयोग नाही. चालवणाऱ्याखेरीज मागे फक्त दोरावरच्या मुलाकडे बघणारा एक मोठा माणूस बोटीत हवाच.

पाणकणीस (सिडनी)

थोडा वेगळा सूर लावतो. व्हिडिओ कितीही निवडून बघा, पहिल्या इन्व्हर्टसाठी एक तास शिक्षकाबरोबर घालवणं जास्त मोलाचं. मी पेनरिथच्या केबलवर जातो. माझी एज नेमकी कुठे सुटते ते काठावरच्या प्रशिक्षकाने बघताक्षणी सांगितलं. व्हिडिओला तुम्ही दिसत नसता.

अवखळ

पाणकणीस, पटलं. पण शिक्षक रोज मिळत नाही आणि परवडतही नाही, म्हणून दोन्हींची सांगड घालावी. एका ट्रिकला एकच व्हिडिओ. चार शिक्षकांचे चार सल्ले घेऊन दोराला लटकलात तर कटच्या दोन सेकंदांत कुठलाच आठवत नाही. तोच व्हिडिओ पाव वेगाने बघा. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक चौकट मागे-पुढे सरकते. बोर्ड पाणी सोडतो ती चौकट शोधा आणि हँडल, खांदे, नजर कुठे आहे ते बघून ठेवा.

मग काठावरून कुणाला तरी मोबाइलवर तुमचं चित्रण स्लो-मोशनमध्ये करायला सांगा. अगदी बाजूने, मोबाइल हलता नको. तुमची तीच चौकट आणि शिक्षकाची चौकट शेजारी ठेवून बघितली की व्हिडिओलाही तुम्ही दिसू लागता.

पैसे भरायच्या कोर्सबद्दल: ज्यात तुमचं चित्रण पाठवून शिक्षकाचा अभिप्राय मिळतो, त्याला पैसे द्यायला माझी हरकत नाही. नुसते कुलपातले व्हिडिओ असतील तर फुकटात तेवढंच चांगलं मिळतं.

निळीशाई

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी! दोन प्रश्न. मला आवडलेल्या व्हिडिओतला शिक्षक डावा पाय पुढे ठेवतो, बाकी सगळं केबलचंच आणि फार सुंदर समजावलेलं आहे. तो सोडून देऊ का? आणि हेल्मेटवर कॅमेरा लावून केलेले व्हिडिओ कामाचे असतात का?

अवखळ

सोडू नका. मोबाइल आरशासमोर धरा आणि आरशातला व्हिडिओ बघा, शिक्षक गूफी होतो आणि केबलची दिशाही उलटते. मग ती उलटलेली दिशा तुमच्या पार्कशी जुळते का एवढं तपासा. दोन खांबांची केबल असेल तर निश्चिंत राहा.

हेल्मेटवरचा कॅमेरा बॅकरोलसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात पाणी, आकाश आणि हात दिसतात. बोर्डाची एज आणि कंबर दिसतच नाही. ड्रोनचं चित्रण मात्र जरूर बघा. वरून पाण्यावरची रेघ दिसते, कट किती रुंद होता आणि कुठे घट्ट झाला ते त्या रेघेत स्पष्ट उमटतं. बाजूचं चित्रण शरीरासाठी, वरचं मार्गासाठी. ज्या व्हिडिओत दोन्ही आहेत तो पहिला निवडा.

राधाक्का (ठाणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा खेळ खेळलेले नाही, पण भाची अबुधाबीला केबलवर खेळते आणि तिच्या मानेवर मी उपचार केले आहेत, म्हणून लिहिते. व्हिडिओ निवडताना एक नक्की बघा: शिक्षक पडतानाचं दाखवतो का? हँडल केव्हा सोडायचं, हे सांगतो का? अर्धवट फिरल्यावर हँडल धरून राहिलं तर खांद्यावर भयंकर ताण येतो. हीलसाइड एज अडकून पाठीवर आपटलं तर मानेला हिसका बसतो. कानावर आपटलं तर पडदा फाटू शकतो, तेव्हा कान झाकणारं हेल्मेट घ्या. ज्या व्हिडिओत सगळ्या उड्या सुंदर उतरतात आणि कुणीच पडत नाही, त्यावरून इन्व्हर्ट शिकू नका.

सुरुवातीला एका दिवशी थोडेच प्रयत्न करा. हाताची पकड थकली की आधी तंत्र बिघडतं आणि मग दुखापत होते.

ओरलँडोकर

राधाक्का, अगदी बरोबर. याला जोडून: पहिले काही दिवस फक्त कट आणि उसळी करा, फिरू नका. एज शेवटपर्यंत धरून सरळ उडी मारायची, हँडल कमरेशी, आणि नीट उतरायचं. बऱ्याच चांगल्या व्हिडिओत हा टप्पा असतो, पण तो रटाळ वाटतो म्हणून लोक पुढे सरकवतात. तो पूर्ण बघा. ट्रॅम्पोलिन मिळत असेल तर उलटं झाल्यावर नजर कुठे ठेवायची याची सवय तिथे होते, अर्थात शिकवणारा जवळ असेल तरच.

निळीशाई

ठरलं. ओ'कीवचा केबलवरचा बॅकरोलचा व्हिडिओ मिळतो का ते आज शोधते, नाही मिळाला तर तो डाव्या पायाचा आरशात. शनिवारी बहीण काठावर उभी राहून चित्रण करणार आहे. फक्त कट आणि उसळी, फिरणं नाही. चित्रण इथे टाकलं तर बघाल का?

अवखळ

जरूर टाका. बहिणीला सांगा, दोर आणि तुम्ही दोन्ही चौकटीत हवेत. नुसत्या तुम्ही दिसलात तर दोर कधी ढिला पडला ते कळणार नाही.