बीएस्सीला ४८ टक्के, एमबीएला नंबर लागंल का?

सेलूवाला_९९:
नमस्कार मंडळी, मी परभणी जिल्ह्यातला. बीएस्सी केली पण सेकंड इयरला दोन विषय बॅक राहिले, ऐन कापूस वेचणीत पेपर आले अन् आण्णांचं ऑपरेशनपण तेव्हाच निघालं, घरी दुसरं कुणी नव्हतं, शेवटी ४८ टक्क्यांवर आटपलं. दहावीला ८४ अन् बारावीला ७१ हायत म्हणजे अगदीच ढ नाही. दीड वर्षापासून कृषी सेवा केंद्रात बिलं अन् उधारी बघतो. ओबीसी आहे. एमबीए सीईटी द्यायचीय तर पोरं म्हणतात कामून फीस घालवतो. अन् कुठं इंटरव्ह्यू झालाच तर मार्कांचं काय सांगू?

गोदाकाठ:
कॅप राऊंडमधी, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी प्रवेशफेरीत, ४८ चं कुणी विचारत नाही भाऊ, मेरिट सीईटीच्या स्कोअरवर लागतं. पदवीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, ओपनला ५० अन् राखीवला ४५. म्हणजे तू बरोबर मधात. कास्ट सर्टिफिकेट हाय म्हणून निवांत बसू नको, जात पडताळणीची व्हॅलिडिटी अन् नॉन क्रिमीलेअर नसलं की ओपनमधी टाकतात अन् मग ४८ वाला सरळ बाहेर. आमच्या मावसभावाचं हेच झालं, स्कोअर लै भारी, कागद नाही. अन् पेपरात निगेटिव्ह मार्किंग नसतं, एकपण प्रश्न कोरा सोडू नको.

जुना_भिडू:
आयआयएमवाल्या कॅट परीक्षेच्या नादी लागू नको, तिथं ओबीसीलापण ५० च लागतात, ४५ ची सवलत एससी, एसटी अन् दिव्यांगांना.
इंटरव्ह्यूचं सांगतो, मी ५१ वाला. मला विचारलं तर मी घरची सगळी कहाणी लावली, दुष्काळ, कर्ज, सगळं, समोरच्या सरांनी पेनच खाली ठेवला. नंतरच्या ठिकाणी दोन वाक्यांत संपवलं की त्या वर्षी घरी अडचण होती, पुढच्या वर्षी बॅक काढले, अन् सरळ कामावर आलो. तुझा खरा माल त्या उधारीच्या वहीत हाय. किती शेतकऱ्यांकडं किती अडकलं, पेरणीला दिलेलं कापूस विकल्यावर कसं वसूल केलं, हे आकड्यांसकट सांग. अन् बॅक लपवू नको राव, मार्कशीट त्यांच्या हातातच असते.

सेलूवाला_९९:
व्हॅलिडिटी बारावीलाच काढलेली हाय. पण आत्ता कपाट उघडून बघितलं, नॉन क्रिमीलेअरची तारीख ३१ मार्चलाच संपली. उद्या सकाळीच सेतूत जातो.