घरे बांधणाऱ्या फौजी आजोबांविषयी कसे लिहावे?

खानापूरची नात:
माझे आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले. 1971 च्या युद्धात ते जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, आणि पलटणीतून परतल्यावर त्यांनी खानापूर तालुक्यातील आमच्या व शेजारच्या गावांत हयातभर घरे बांधली. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की, युद्धाविषयी ते घरात बोललेच नाहीत. जमालपूर एवढे एकच नाव त्यांच्या तोंडून ऐकले. बांधकामाचाही कागद नाही. ट्रंकेत दोन पदके, जीर्ण डिस्चार्ज बुक, भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या सापडले. एवढ्यावरून काय लिहावे?

निवृत्त सुभेदार, बेळगाव:
ताई, डिस्चार्ज बुकातील सैनिक क्रमांक आधी उतरवून घ्या. संग्राम पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असते, तेही पडताळा. दुसरे पदक ‘पूर्वी स्टार’ या नावाचे असेल, तर ते पूर्वेच्या आघाडीवरचे आहे. तो क्रमांक घेऊन बेळगावातील मराठा रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील जमालपूरविषयी थोडे सांगतो. 1768 साली उभारलेल्या या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला होता. 10 डिसेंबर 1971 च्या रात्री शत्रूने तो वेढा फोडून ढाक्याकडे निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अंधारात अगदी जवळून तुंबळ लढाई झाली. पुढे टांगाईलच्या बाजूला ज्या छत्रीधारी पलटणीशी त्यांची गाठ पडली, तीही मूळची मराठ्यांचीच होती. मात्र पलटणीने केलेले सगळे आजोबांनीच केले, असे कृपया लिहू नका. जे बोलले नाहीत, त्यांच्या नावावर शौर्यकथा रचणे मला त्यांचा अवमान वाटतो.

गवंड्याचा मुलगा:
सुभेदार साहेबांशी सहमत आहे. पण पुस्तिकेचा मोठा भाग घरांवरच असावा, कारण त्यांच्या आयुष्याची बहुतेक वर्षे तिथेच गेली. वही घेऊन प्रत्येक घरी जा आणि जोते किती उंच आहे, नेवे, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीपासून किती पुढे आले आहे, तुळया कोणत्या लाकडाच्या आहेत, हे नोंदवून घ्या. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खानापूरकडे झगडा पावसाशी असतो. त्यामुळे तिकडचा कारागीर छपराचा उतार आणि कौलांखालच्या रिपांमधले अंतर कसे ठेवतो, यावरून त्याचा हात ओळखता येतो. हे तपशील मोजून लिहिलेत, तर कोणत्याही विशेषणाची गरज पडणार नाही.

जांबोटी भागातून:
वर्णन वाचताच ओळखले. आमचे घर तुमच्या आजोबांनीच बांधले. आम्ही त्यांना मेस्त्री काका म्हणत असू. खाणीतून आणलेला जांभा दगडाचा ताजा चिरा मऊ असतो आणि हवा लागल्यावर घट्ट होतो, म्हणून त्यांनी चिरे परसात रचून एक उन्हाळा तसेच ठेवायला लावले. वडिलांना घाई होती आणि त्यावरून दोघांत चांगलेच वाजले; तरीही काका दिवसाला तीन थरांवर भिंत चढवू देत नसत, कारण मातीत बसवलेला खालचा थर आवळला नसेल तर वरचा त्याला बाहेर ढकलतो, असे ते सांगत. पहिल्या मोठ्या पावसात ते छत्री घेऊन स्वतः आले आणि माळ्यावर चढून तासभर वासे चाचपत बसले. एका कोपऱ्यात थेंब दिसला, तेव्हा त्यांनी पाऊस उघडण्याची वाट पाहून तेवढीच कौले पुन्हा बसवली आणि त्या कामाची मजुरी घेतली नाही.

माझी आई आता 80 वर्षांची आहे, पण तिला हे सारे दिवसवार आठवते. या रविवारी तुम्ही आलात तर ती बोलेल. येताना त्यांचा ओळंबा घेऊन या, म्हणजे माजघराची भिंत तिच्यासमोरच पाहता येईल.